नीडामंगलम, म्हणजेच यमुनांबापूर

तंजावरहून नागपट्टणमकडे निघालेली गाडी सालियमंगलम, अम्मापेट्टै, कोविलवेण्णी ही छोटी स्टेशनं मागे टाकत नीडामंगलमला येते. अंतर तीसेक किलोमीटर. कावेरीच्या खोऱ्यातला हा सगळा मुलूख सपाट, भातखाचरांचा आणि पाटांचा. नीडामंगलमजवळ वेण्णार नदीला फाटे फुटतात. वेण्णार, कोरैयार आणि पामणियार या तीन पाण्यांवर पुढची गावं पिकतात. स्टेशन जंक्शन आहे, पण मिरज किंवा मनमाड डोळ्यांसमोर आणू नये. मन्नारगुडीला जाणारा चौदाएक किलोमीटरचा फाटा इथून निघतो, म्हणून जंक्शन. फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर तमिळ, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन ओळींत एकच नाव आहे.

या गावाला आणखी एक नाव होतं. यमुनांबापूर, तमिळ वळणानं यमुनांबाळपुरम. यमुनांबा ही तंजावरचे मराठा राजे प्रतापसिंह यांची राणी. तिच्या नावानं इथं छत्र होतं. वाटसरूनं यावं, अंग टाकावं, जेवावं आणि पुढं जावं यासाठी बांधलेली जागा. म्हणजे आगगाडी इथं थांबायला लागली त्याच्या सुमारे शंभर वर्षं आधीपासून हे गाव थांब्याचंच होतं. आधीच्या थांब्याला राणीचं नाव होतं, नंतरच्या थांब्याला ते लागलं नाही. तंजावरच्या मराठी राज्याचं पुढं काय झालं, ते मला वाड्यातल्या दरबारापेक्षा या एका स्टेशनावर जास्त नीट समजतं.

व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतलं आणि पावणेदोनशे वर्षं भोसल्यांची ही धाकटी पाती तिथं नांदली. प्रतापसिंहांची कारकीर्द १७३९ ते १७६३. हा काळ त्या राज्याला श्वास घेऊ देणारा नव्हता. अर्काटचा नवाब खंडणीला बसलेला, फ्रेंच आणि इंग्रज किनाऱ्यावर एकमेकांच्या उरावर, आणि दोघांनाही तंजावरचं भात आणि पैसा हवा. १७४९ मध्ये देवीकोट्टैचा किल्ला इंग्रजांकडे गेला, तोही प्रतापसिंहांच्याच काळात. अशा धामधुमीत या राजानं नीडामंगलमला संतानरामस्वामींचं देऊळ उभारलं आणि छत्र घातलं. राजाराणीला मूल हवं होतं, त्या नवसाचं हे देऊळ, असं तिथले लोक सांगतात. देवाचं नावही तेच सांगतं. देऊळ आजही नांदतं आहे.

छत्र हे नीडामंगलमपुरतं नव्हतं. तंजावरच्या राजांनी रामेश्वराच्या वाटेवर छत्रांची माळच लावली होती, आणि त्यांतल्या कितीतरी छत्रांना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावं दिली. नीडामंगलमला यमुनांबा, ओरत्तनाडूला मुक्तांबा, खाली समुद्राकाठी मणमेलकुडीला द्रौपदांबा. मराठी माणसाला रामेश्वराची वाट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. काशीची गंगा कावडीत घालून रामेश्वराला न्यायची आणि सेतूची वाळू परत काशीला न्यायची, ही यात्रा आपल्या आजा-पणज्यांच्या बोलण्यात होती. एकनाथांनी रामेश्वराला चाललेली गंगा वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली ही गोष्ट लहानपणी ऐकली नाही असं मराठी घर विरळा. पण त्या कावडी घेऊन कावेरी ओलांडल्यावर यात्रेकरू रात्री कुठं निजत, काय खात, तापानं फणफणले तर त्यांच्याकडे कोण बघे, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. त्याचं उत्तर ही छत्रं होती.

त्या उत्तराचा तपशील सुदैवानं लेखी आहे. १७९९ च्या तहानं दुसऱ्या सरफोजीराजांनी राज्याचा कारभार कंपनीच्या हवाली केला. किल्ला आणि तंजावर शहर तेवढं राजाकडे राहिलं, शिवाय वर्षाकाठी ठरावीक रक्कम आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. हे झाल्यावर सरफोजींनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटाला छत्रांविषयी पत्र लिहिलं. माझ्या मते तंजावरच्या मराठी इतिहासातला हा सर्वांत मोलाचा कागद आहे. त्यात राजा स्वतःच्या मानापानाचं काही मागत नाही. छत्रांच्या उत्पन्नाला हात लावू नका एवढंच विनवतो, आणि त्यासाठी छत्रांत काय काय चालतं ते सविस्तर सांगतो.

ब्राह्मणापासून परयापर्यंत कोणत्याही जातीचा यात्रेकरू येवो, जोगी, जंगम, बैरागी येवो, त्याला शिजवलेला भात मिळे. ज्यांना शिजवलेलं चालत नसे त्यांना शिधा. ही पंगत दिवसभर चाले. मध्यरात्री घंटा वाजवीत, म्हणजे कुणी उपाशी राहिला असेल तर त्यानं यावं. आलेल्याला काही कारणानं मुक्काम लांबवावा लागला तरी कुणी निघ म्हणत नसे. आजारी पडणाऱ्यासाठी वैद्य ठेवलेला, औषध आणि पथ्याचं जेवण छत्रातून. कुणी वाटेतच गेला तर त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार होत. तान्ह्या मुलांना दूध. गरोदर बाईला वाटेत कळा सुरू झाल्या तर तिचं बाळंतपण छत्रात, आणि अंगात ताकद येईतो तिथंच राहणं. अनाथ मुलांना वाढवीत. छत्राजवळ शाळा असे, शिक्षक असत, शिकणाऱ्या मुलांची जेवणाखाण्याची सोय असे. मुंज किंवा लग्न पैशावाचून अडलेल्यांना मदत मिळे. सरफोजींनी पुढं म्हटलं आहे की या छत्रांमुळं आपल्या राज्याला लोक धर्मराज्य म्हणतात आणि आपल्याला यापेक्षा मोठा किताब नको.

मी हे पत्र अनेकदा वाचलं आहे आणि दर वेळी त्या मध्यरात्रीच्या घंटेशी थांबतो. जेवणं आटोपली, भांडी घासून झाली, पण अंधारातून उशिरा पोचणारा कुणी असेल हे गृहीत धरून एक माणूस उठून घंटा बडवतो. राज्य गेलेला राजा परक्या अधिकाऱ्याला हे सांगतो आहे.

सरफोजींनी नुसतं विनवलं नाही. स्वतःच्या लाडक्या मुक्तांबेच्या नावानं त्यांनी ओरत्तनाडूला छत्र बांधलं. ती तरुणपणीच गेली आणि आपल्या नावानं छत्र व्हावं ही तिची इच्छा होती. १८०२ च्या सुमारास ते उभं राहिलं. तिथल्या शाळेत संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू, फारसी आणि इंग्रजी असं सगळं शिकवलं जाई. पुढं याच राजाच्या छापखान्यात १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक ‘बालबोध मुक्तावली’ छापून निघालं. पुण्यात पेशवाई होती आणि देवनागरीत छापलेलं मराठी पुस्तक कावेरीकाठी तयार होत होतं, हे आपण मराठी वाचक पुन्हा पुन्हा विसरतो. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरला गेला १८०३ मध्ये. देवळाच्या भिंतीवर वंशावळ, छापखान्यात गोष्टी, छत्रात भात. हे सगळं एकाच माणसाच्या हातून चार-पाच वर्षांत झालेलं आहे.

सरफोजी १८३२ मध्ये गेले. त्यांचे चिरंजीव शिवाजीराजे १८५५ च्या ऑक्टोबरात वारले, मागे मुलगा नव्हता, आणि डलहौसीच्या धोरणाप्रमाणे कंपनीनं गादी खालसा केली. सातारा, नागपूर, झाशी आपल्याला पाठ आहेत. तंजावर त्या यादीत बहुतेकदा राहून जातं. पुढच्या वर्षी फोर्ब्स नावाचा कमिशनर फौज घेऊन वाड्यात शिरला आणि राज्याबरोबर खासगी मालमत्तेलाही मोहरा लागल्या. थोरल्या राणी कामाक्षीबाई स्वस्थ बसल्या नाहीत. त्या मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि तिथं जिंकल्याही. कंपनीनं विलायतेत प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागितली. १८५९ मध्ये तिथं निकाल फिरला: ही राजसत्तेची कृती आहे, कोर्टाला तिचा न्याय करता येत नाही. कायद्याच्या पुस्तकांत कामाक्षीबाईंचं नाव या खटल्यामुळं आजही छापलं जातं.

त्याच १८५९ मध्ये ग्रेट सदर्न ऑफ इंडिया रेल्वे या इंग्रज कंपनीनं नागपट्टणम ते तिरुचिरापल्ली लोहमार्गाचं काम सुरू केलं. योगायोग खरा, पण दोन्ही गोष्टी एकाच प्रदेशात, एकाच मोसमात घडत होत्या हे विसरून तो काळ समजत नाही. वाड्यातल्या बायका आपल्या दागिन्यांसाठी भांडत होत्या आणि वेशीबाहेर मातीचे भराव पडत होते.

बोरीबंदरहून ठाण्याला गाडी १८५३ मध्ये गेली होती. मद्रासहून अर्काटच्या बाजूला १८५६ मध्ये. पण दक्षिणेकडच्या या दुसऱ्या कंपनीनं सुरुवात मद्रासहून केली नाही, नागपट्टणमहून केली. कारण साधं आहे. नागपट्टणम बंदर होतं, पूर्वी डचांचं ठाणं. विलायतेहून येणारे रूळ, इंजिनं, पुलांचं लोखंड जहाजातून तिथंच उतरवायचं आणि तिथूनच पश्चिमेकडे रूळ टाकत जायचं. परत जाताना खोऱ्यातला तांदूळ बंदरावर आणायचा. भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी सरकारनं दिली होती, म्हणजे तोटा आला तर तो हिंदुस्थानच्या महसुलातून भरला जाणार. ज्या मुलखाचा महसूल चार वर्षांपूर्वीच पुरता हाती आला होता, त्यातलाच हा लोहमार्ग.

जमीन सपाट असल्यानं घाट नाही, बोगदा नाही. अडचण पाण्याची. चार पावलांवर नदी, तिचा फाटा, फाट्याचा पाट. पावसाळ्यात खाचरं आणि रस्ता एक होतात. म्हणून मातीचा उंच भराव घालायचा, त्यावर रूळ, आणि जागोजाग पूल आणि मोऱ्या. १८६१ मध्ये गाडी तिरुवारूर, नीडामंगलम करत तंजावरपर्यंत आली आणि १८६२ मध्ये तिरुचिरापल्लीला पोचली. सुमारे सव्वाशे किलोमीटर. रूळ रुंद होते, साडेपाच फुटी, मुंबईसारखे. त्याच १८६२ मध्ये सरकारनं भोसल्यांची खासगी शेतजमीन राण्यांना परत केली. राज्य परत आलं नाही.

ही गाडी नीडामंगलमला पहिल्यांदा थांबली तेव्हा यमुनांबेचं छत्र जागेवर होतं. स्टेशनाला नाव मात्र गावाचं जुनं तमिळ नाव लागलं, तेही इंग्रज कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं. यामागे कुणाचा आकस होता असं मला वाटत नाही. गावकऱ्यांच्या तोंडी नीडामंगलमच असणार. राजानं दिलेलं लांबलचक नाव दानपत्रात आणि दफ्तरात राहतं, बाजाराला निघालेला माणूस ते वापरत नाही. कंपनीला तिकिटावर छापायला आखूड आणि ओळखीचं नाव हवं होतं. पण परिणाम असा झाला की ज्या बाईच्या नावानं त्या जागी शंभर वर्षं भात वाढला गेला तिचं नाव तिकिटावर, वेळापत्रकात, नकाशावर कुठंच आलं नाही. आणि एकोणिसाव्या शतकानंतर जे रेल्वेच्या वेळापत्रकात नाही ते जगाच्या लेखी नाहीच.

रेल्वे नाव पुसते तसं धरूनही ठेवते. नीडामंगलमचं आजचं सांकेतिक नाव एन-एम-जे आहे, निडामंगलम जंक्शन. तंजावरचं टी-जे, कारण तेव्हा साहेब तंजोर म्हणत. मायावरमचं मयिलाडुतुरै झालं तरी संकेत एम-व्ही. तिरुचिरापल्लीचा टी-पी-जे, त्रिचिनापोली जंक्शन. तमिळनाडूनं पाट्यांवरून इंग्रजी रूपं हौसेनं काढली. आरक्षणाच्या तिकिटावर ती अजून बसलेली आहेत.

स्टेशनाचं नाव ही नुसती सोय नसते. आपल्याकडे कुंडल रोडचं उदाहरण आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना घेऊन आले तेव्हा जवळच्या स्टेशनाचं नाव कुंडल रोड होतं. औंधकर पंतप्रतिनिधींनी जागा दिली होती. निवडुंग काढून वसाहत वसली, नांगर तयार होऊ लागले, वसाहतीला किर्लोस्करवाडी म्हणू लागले आणि पुढं स्टेशनही किर्लोस्करवाडी झालं. लोकांनी ते आनंदानं घेतलं. तंजावरहून थोडं वर, तिरुचिरापल्लीच्या अलीकडे, नेमकं उलटं घडलं. कल्लकुडी गावाजवळ दालमियांचा सिमेंट कारखाना आला आणि स्टेशनाला दालमियापुरम नाव लागलं. १५ जुलै १९५३ रोजी द्रविड मुन्नेत्र कळघमच्या कार्यकर्त्यांनी तिथं रुळांवर आडवं पडून गाडी अडवली. मागणी एकच, गावाचं नाव परत द्या. पुढाऱ्यांत तंजावर जिल्ह्यातल्या तिरुक्कुवळैचा एक तरुण होता, मुत्तुवेल करुणानिधी. पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली, करुणानिधी तुरुंगात गेले. पुढं ते मुख्यमंत्री झाल्यावर पाटीवर कल्लकुडी आलं.

किर्लोस्करवाडी टिकली आणि दालमियापुरम टिकलं नाही. मला यातला फरक असा दिसतो की एका ठिकाणी ओसाड माळाला नाव मिळालं आणि दुसऱ्या ठिकाणी नांदत्या गावाचं नाव काढून घेतलं गेलं. नीडामंगलमची गोष्ट या दोन्हींत बसत नाही. तिथं गावाचं नाव कुणी काढलं नाही, उलट राखलं, आणि ते योग्यच झालं. तमिळ गावाच्या स्टेशनाला तमिळ नाव असावं याबद्दल मला तंजावरच्या मराठी इतिहासाचा कितीही लळा असला तरी शंका नाही. गेलं ते दुसरं नाव, ज्याच्याबरोबर त्या जागेचं कामही विसरलं गेलं.

कारण रेल्वेनं छत्राचं गिऱ्हाईकच नेलं. ते एका दिवसात झालं नाही. १८७४ मध्ये ही कंपनी कर्नाटिक रेल्वेत मिसळून साउथ इंडियन रेल्वे झाली. पुढच्या वर्षी खर्च वाचवण्यासाठी रुंद रूळ उखडून मीटर गेज टाकला. १८८० पर्यंत मद्रासहून चिदंबरम, कुंभकोणम करत गाडी तंजावरला येऊ लागली. मग मदुरेहून मंडपमपर्यंत रूळ गेले आणि १९१४ मध्ये पांबनचा पूल झाला. मद्रासला बोट मेलमध्ये बसलेला यात्रेकरू रामेश्वराच्या बेटावर गाडीतूनच उतरू लागला. पुण्याहून किंवा काशीहून निघालेल्या म्हाताऱ्या जोडप्याला महिनोन्‌महिने चालावं लागत नव्हतं, ताप, चोर, पूर यांची भीती नव्हती. हे मोठंच सुख होतं, आणि आगगाडीला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा पायी रामेश्वर करून बघावं. पण ओरत्तनाडू, राजामडम, मणमेलकुडी ही समुद्राकाठची वाट सुनी पडली. घंटा वाजवायला माणूस असला तरी ऐकायला अंधारात कुणी नव्हतं.

छत्रांचं उत्पन्न मात्र होतं, जमिनी होत्या. खालसा झाल्यावर ती सरकारकडे गेली आणि १८७१ नंतर तंजावरच्या जिल्हा बोर्डाच्या कारभारात आली. याच बोर्डानं पुढं आणखी एक काम केलं, ज्याला हिंदुस्थानात तोपर्यंत जोड नव्हती: स्वतःची रेल्वे बांधली. जमीनमहसुलाच्या रुपयामागे तीन पै जादा पट्टी बसवून पैसा उभा केला आणि १८९४ मध्ये मायावरम ते मुत्तुपेट्टै असा चोपन्न मैलांचा मार्ग सुरू झाला. विलायती भागधारक नाहीत, पाच टक्क्यांची हमी नाही. शेतकऱ्याच्या पट्टीतून शेतकऱ्याच्या भाताची गाडी. १९०२-०३ मध्ये तो मार्ग पट्टुकोट्टैवरून अरंतांगीपर्यंत वाढला. रुपयामागे तीन पै देणाऱ्या त्या कुळांची नावं कुठल्याही स्टेशनाला नाहीत, तरी मला हा मार्ग ग्रेट सदर्नपेक्षा अधिक आपला वाटतो. सेतूच्या जुन्या वाटेला तो समांतर धावतो. पेरावुरणीला उतरून समुद्राकडे गेलं की सेतुबावाछत्रम नावाचं गाव लागतं. सेतुबावा हे तंजावरच्या रामदासी परंपरेतले स्वामी. रुळांपासून दूर राहिलेल्या त्या गावानं मराठी साधू आणि छत्र दोन्ही नावात जपले. स्टेशन असतं तर काय झालं असतं कोण जाणे.

नीडामंगलमहून मन्नारगुडीला फाटा निघाला १९१५ मध्ये आणि नीडामंगलम जंक्शन झालं. मन्नारगुडी हे राजगोपालस्वामींचं मोठं क्षेत्र. तंजावरच्या राजवटीत तिथंही मराठी मठ आणि मराठी घरं होती, आणि आडनावाच्या जागी राव लावणारी त्यांतली काही कुटुंबं घरात अजून आपली तंजावरी मराठी बोलतात, बाहेर तमिळ.

छत्रांच्या या जिल्ह्यात १९३० मध्ये एक विलक्षण हुकूम निघाला. राजगोपालाचारी तिरुचिरापल्लीहून वेदारण्यमला मिठाच्या सत्याग्रहासाठी पायी निघाले होते. तंजावर, कुंभकोणम, मन्नारगुडी अशी त्यांची वाट. गाडी होती, पण ते चालत निघाले, म्हणजे पुन्हा एकदा या मुलखात वाटसरू आला. कलेक्टर थॉर्न यांनी जाहीर केलं की सत्याग्रह्यांना अन्न किंवा आसरा देणाऱ्याला शिक्षा होईल. ज्या मातीत उपाशी माणसाला मध्यरात्री घंटा वाजवून बोलावत त्या मातीत जेवू घालणं गुन्हा ठरलं. लोकांनी अन्न झाडांना बांधून ठेवलं, नदीच्या वाळूत पुरून ठेवलं आणि खुणेनं सांगितलं. काहींनी उघड जेवू घातलं आणि शिक्षा भोगली. छत्र बांधणाऱ्या राजांना जाऊन पाऊणशे वर्षं झाली होती. छत्राची सवय लोकांत शिल्लक होती.

स्वातंत्र्यानंतरचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. १९५१ मध्ये साउथ इंडियन रेल्वे दक्षिण रेल्वेत गेली. मन्नारगुडीचा फाटा तोट्याचा म्हणून १९७६ मध्ये बंद झाला आणि नीडामंगलम काही वर्षं नावापुरतं जंक्शन राहिलं. पुढं मुख्य मार्ग मीटर गेजचा पुन्हा रुंद झाला, म्हणजे १८६१ च्या मापावर परत आला. २०११ मध्ये मन्नारगुडीचा फाटाही रुंद रुळांनी पुन्हा सुरू झाला. नीडामंगलम आता तंजावर जिल्ह्यात नाही, १९९७ पासून ते तिरुवारूर जिल्ह्यात आहे.

आज नीडामंगलम आसपासच्या लोकांना माहीत आहे ते रेल्वेफाटकासाठी. तंजावर-नागपट्टणम हमरस्ता गावात रुळांना छेदतो. गाडी आली, मालगाडी आली, इंजिनाची दिशा बदलायची झाली की फाटक पडतं. मग दोन्ही बाजूंना बस, ऊस आणि भात भरलेल्या लॉऱ्या, वेलंकण्णीला निघालेल्या गाड्या, शाळेची मुलं, सगळे खोळंबतात. चणे, काकडी, पाणी विकणारी पोरं खिडक्यांपाशी येतात. फाटक उघडेपर्यंत जो वेळ जातो त्यात या गावातून जाणारा जवळजवळ प्रत्येक माणूस नाइलाजानं का होईना इथं थांबतो, संतानरामाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर.

ओरत्तनाडूला मात्र अजून रेल्वे नाही. मुक्तांबेचं छत्र तिथं उभं आहे, पडझड झालेलं. भिंतीला रथाचा आकार दिलेला, त्याला दगडी घोडे जुंपलेले. छत्राच्या परंपरेतून आलेलं शिक्षणाचं काम त्या गावानं सोडलेलं नाही. तंजावरहून ओरत्तनाडू करत पट्टुकोट्टैला जाणाऱ्या लोहमार्गाची मागणी पिढ्यांची आहे आणि तो मार्ग अजून कागदावर आहे. कधीतरी तो होईल, भराव पडेल, फलाट बांधला जाईल आणि पिवळी पाटी रंगवायला माणूस येईल. गावाचं नाव ओरत्तनाडू आहे आणि पाटीवर तेच असलं पाहिजे. पण त्या वेळी तंजावरच्या मराठी मंडळींनी, आणि महाराष्ट्रातल्या आपण सगळ्यांनी, एक अर्ज वेळेवर द्यावा: पाटीवर ओरत्तनाडूच्या खाली, लहान अक्षरांत चालेल, मुक्तांबाळपुरम असं तमिळमध्ये लिहावं. आणि तोच अर्ज नीडामंगलमसाठीही, यमुनांबेच्या नावानं.